गोल्डफिशची शेपटी झिजत चालली आहे, आधी काय बघू?

मोंढा_रोड (परभणी)
नमस्कार मंडळी. मासे पाळायचा मला काहीच अनुभव नाही. पाडव्याला पहिल्यांदा टँक घरात आणला. दोन फूट बाय एक बाय एक. दुकानातून आठ लाल आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश, आत बसवायचा फिल्टर, रंगीत खडे आणि दोन प्लास्टिकची झाडं. पाणी आमच्या बोअरचं. आज अठरावा दिवस.

पाच-सहा दिवसांपूर्वी लेकीच्या लक्षात आलं की एका माशाची शेपटी फाटली आहे. मला वाटलं कुठं तरी अडकली असेल. आता तिघांचं तसंच झालंय. कड पांढुरकी पडलीय आणि जुन्या साडीच्या पदराचे दोरे सुटावेत तशी शेपटी लोंबतेय. एकीत केसासारख्या बारीक लाल रेघा आहेत. काळा मासा पाठीवरचा पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात तळाशी बसून राहतो. बाकीचे खायला येतात.

दुकानात फोन केला तर निळं औषध टाका म्हणाले. मित्र म्हणतो मीठ टाक. शेजारचे काका म्हणाले, सगळं पाणी बदला आणि टँक घासून काढा. तसं रविवारी केलंही, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. लेकरू शाळेतून आलं की दप्तर टाकायच्या आधी टँकपाशी जातं. नक्की काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं, ते कुणी समजावून सांगेल का?

गोदाकाठ (नांदेड)
फोटो टाका भाऊ. टँकच्या मागं कोरा पांढरा कागद लावा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलची बॅटरी बाजूनं धरा, समोरून नको. समोरून धरली की काचेवरच चमक येते. बाजूनं उजेड पडला की पराची कड, भोक, ठिपका सगळं उठून दिसतं.

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)
कोणतंही औषध टाकायच्या आधी एवढं सांगा. पाण्याची अमोनियाची तपासणी केलीय का? दिवसातून किती वेळा खायला घालता? दुपारी पाणी किती गरम होतं? आणि फाटलेल्या तिघांत पहिल्यांदा कोणता पर झिजला, नुसती शेपटी की छातीकडचे परही? निळं औषध अजून टाकलं नसेल तर थांबा.

मोंढा_रोड (परभणी)
ताई, तपासणी केली नाही, असं काही असतं हेच माहीत नव्हतं. खाणं तीन वेळा, लेक घालते, उरलेले दाणे खड्यात दिसतात. थर्मामीटर आजच आणला, दुपारी चारला पाणी ३१ अंश. आधी शेपटी झिजली, आता दोघांचे पोटाखालचे परही. फोटो टाकलेत. निळं औषध टाकलेलं नाही.

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)
फोटो चांगले आलेत. आता सविस्तर लिहिते. हाच प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं आणि बहुतेक वेळा मासा औषधाच्या घाईत जातो.

पर म्हणजे काड्या आणि काड्यांच्या मधली पातळ झिल्ली. छत्रीचं कापड आणि तारा डोळ्यासमोर आणा. कशात बिघाड झालाय त्यावरून कारण कळतं. झिल्ली एका ठिकाणी सरळ चिरली, कड स्वच्छ आहे, रंग बदललेला नाही, एकाच माशाला आणि एकाच बाजूला आहे, तर ती इजा. प्लास्टिकच्या झाडाचं टोक, फिल्टरची जाळी, जाळ्यातून काढताना झालेली ओढाताण. पाणी स्वच्छ असेल तर अशी चीर आपोआप भरते, काही टाकावं लागत नाही. याउलट कड पांढरी, करडी किंवा लालसर झालीय, झिल्ली विरघळल्यासारखी आत-आत जातेय, काड्या उघड्या पडून दोऱ्यासारख्या लोंबतायत आणि एकाचे तीन झाले, तर ते पर कुजणं. तुमच्या फोटोत हेच दिसतंय.

पण पर कुजणं हे रोगाचं नाव कमी आणि लक्षण जास्त आहे. ते करणारे एरोमोनास, स्यूडोमोनास वगैरे जिवाणू प्रत्येक टँकमध्ये असतातच. निरोगी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना आत शिरू देत नाही. थर कमजोर झाला की ते शिरतात. म्हणून "कोणता जंतू" याआधी "थर कशानं गेला" हे शोधायचं. तुमच्याकडे मला तरी एकच उत्तर दिसतंय, अमोनिया.

मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. जुन्या टँकमध्ये स्पंजवर, खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानानं सौम्य. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमचा टँक अठरा दिवसांचा. त्यात जी काही थोडी वस्ती धरली होती, ती रविवारी स्पंज आणि खडे घासताना वाहून गेली. काकांनी चांगल्या मनानंच सांगितलं, आपल्याकडे भांडं घासलं की स्वच्छ हीच समजूत असते. पण टँक भांड्यासारखा घासला की पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

आता आपल्या भागाची गोष्ट. काळ्या कातळातलं आपलं बोअरचं पाणी जड आणि बहुधा अल्कधर्मी असतं, पीएच ८ च्या आसपास किंवा वर. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एक फार घातक. २५ अंशाला, पीएच ७ असेल तर शंभरातला जेमतेम अर्धा भाग घातक रूपात असतो. तोच पीएच ८ झाला की पाचाच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. तापमान वाढलं की आणखी वाढतो. कोकणातल्या मऊ पाण्यात जो टँक कसाबसा तग धरेल तोच परभणीत एप्रिलमध्ये मासे जाळतो. लाल रेघा दिसतायत ना, ती रक्तवाहिन्यांवर आलेली सूज. अमोनिया किंवा नायट्राइटचा मार बसला की गोल्डफिशच्या शेपटीत त्या अशाच उमटतात.

काळ्या माशानं पर मिटून घेतलेत, त्याचाही अर्थ हाच लागतो. पर मिटणं म्हणजे माशाला बरं वाटत नाही, एवढंच ते सांगतं. एकटाच मिटून बसला असता तर त्याच्या अंगावर परजीवी शोधायला सांगितले असते. इथं निम्मा टँक कुरकुरतोय, म्हणजे आधी पाणीच बघायचं.

आज हे करा. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. लेकीला सांगा, गोल्डफिश दोन दिवस न खाता सहज राहतो. आज संध्याकाळी चाळीस टक्के पाणी बदला, उद्यापासून रोज तीस टक्के. नवं पाणी टँकच्या तापमानाचं हवं. छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी थेट ओतू नका, हात भाजेल इतकं तापलेलं असतं. बादलीत भरून रात्रभर घरात ठेवा. हवेचा पंप नसेल तर आजच आणा, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. प्लास्टिकची झाडं बाहेर काढा. आणि थेंबांचा अमोनिया तपासणी संच मिळाला तर बघा, पट्ट्यांपेक्षा तो बरा.

मीठ टाकायला हरकत नाही, फक्त मोजून. तुमचा टँक काठोकाठ ५६ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा धरून पाणी ४५ च्या आसपास. लिटरला एक ग्रॅम धरून ४५ ग्रॅम साधं खडे मीठ, वाटीत विरघळवून तीन भागांत, आठ-आठ तासांनी. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच परत टाकायचं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, तो फायदा पुढच्या दोन आठवड्यांत तुम्हाला लागेलच.

मोंढा_रोड (परभणी)
ताई, एवढं कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळीच पाणी बदलतो. संच इथल्या दोन दुकानांत नाही मिळाला, मागवलाय.

काळी_माती (बीड)
ताईंनी बरोबर सांगितलं, पण तिघांना लागण झालीय म्हणता तर नुसत्या पाण्यानं भागेल का? माझ्या भावाच्या टँकमध्ये असंच झालतं तर त्यानं मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून फोडून टाकल्या. चार दिवसांत पाणी तांबूस झालं, फेस आला आणि सगळे मासे गेले. डोस कमी पडला का जास्त, काय चुकलं ते आजवर कळलं नाही. त्याला आणि मला दोघांनाही जाणून घ्यायचंय.

बाभूळबन (उदगीर)
काळी_माती, तुमचा प्रश्न चांगला आहे. मी मत्स्यविज्ञान शिकलोय, म्हणून मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.

टेट्रासायक्लिन जातीची औषधं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटतात. पाणी जड असलं की पाण्यात टाकलेल्या औषधाचा बराच भाग असा अडकून बसतो, माशाच्या शरीरात पोचतच नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात नेमके हेच दोन क्षार भरपूर. म्हणजे जंतूंपर्यंत औषध अर्धंमुर्धं पोचलं. उजेड लागला की ते गडद होतं, म्हणून पाणी तांबूस झालं. आणि फिल्टरातल्या उपयोगी जिवाणूंनाही अँटिबायोटिकचा फटका बसतो, अमोनिया चढतो. भावाचे मासे बहुधा रोगापेक्षा त्यानंच गेले असावेत. डोस चुकला असं मनाला लावून घेऊ नका, औषधच त्या पाण्यासाठी नव्हतं.

अँटिबायोटिकची वेळ कधीच येत नाही असं नाही. कुजणं पराच्या मुळापर्यंत, अंगाच्या मांसापर्यंत पोचलं, किंवा पाणी सुधारूनही चार-पाच दिवसांत कड आत सरकतच राहिली, तर पशुवैद्यकाला विचारून, वेगळ्या टबमध्ये, औषध खाण्यात मिसळून द्यायचं. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जवळच्यांनी तिथं विचारून बघावं. पराच्या कडेवरचा थोडा थर सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की जे दहा दिवस अंदाजानं चालतं ते काही मिनिटांत कळू शकतं.

एक गोष्ट मात्र लगेच ओळखायला शिका, कारण तिथं वाट बघून चालत नाही. कड करडी-पिवळट, पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा फिकट पट्टा, तोंडाभोवती पांढरा थर. याला कॉलमनॅरिस म्हणतात. लोक याला बुरशी समजतात. बुरशी असली तर कापसाच्या पिंज्यासारखे तंतू बाहेर उभे राहतात, पाण्यात हलतात. कॉलमनॅरिसचा थर चपटा, अंगाला लेप लावल्यासारखा. हा जिवाणू गरम पाण्यात फोफावतो आणि दोन दिवसांत टँक रिकामा करू शकतो. इथं पाणी तापवणं म्हणजे त्यालाच मदत. परभणीच्या फोटोत हे नाही.

काळी_माती (बीड)
कॅल्शियमला चिकटतं हे कुणीच सांगितलं नव्हतं हो. भावाला वाचून दाखवतो. तीन वर्षं तो स्वतःलाच दोष द्यायलाय.

मांजराकाठची (लातूर)
माझा प्रश्नही इथंच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे एकच बेट्टा (फायटर मासा) आहे, निळा, लांब शेपटीचा, २० लिटरच्या टँकमध्ये. महिनाभर छान होता. परवा सकाळी उठले तर शेपटीतून एक अर्धगोल तुकडा गायब, बिस्किटाचा घास घेतल्यासारखा. रात्री झोपताना शेपटी पूर्ण होती, मी स्वतः बघितलं होतं. काल दुसरा घास. कड पांढरी नाही, लाल नाही. खातोय, बुडबुड्यांचं घरटंही करतोय. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, संच आहे माझ्याकडे. हे कुजणंच का?

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)
लातूरच्या ताई, तुम्ही "रात्री पूर्ण होती" हे लिहिलंत त्यातच उत्तर आहे. कुजणं एका रात्रीत एवढा नीट तुकडा काढत नाही, ते दिवसागणिक सरकतं. रातोरात गेलेला अर्धगोल म्हणजे कुणीतरी चावा घेतलाय, आणि टँकमध्ये तो एकटाच आहे. लांब शेपटीचे बेट्टे स्वतःची शेपटी चावतात. शेपटीचं ओझं, जोराचा प्रवाह, काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब, कंटाळा, अशी कारणं असतात. फिल्टरचा प्रवाह मंद आहे का बघा, तोंडाशी स्पंजचा तुकडा लावा. टँक आरशासमोर किंवा टीव्हीशेजारी असेल तर हलवा. मोठ्या पानांचं खरं झाड ठेवा, त्यावर तो टेकून विसावतो.

शिवाय शंका असेल तर पायमोज्याची परीक्षा करा. बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा झाडावरून, सजावटीवरून फिरवायचा. जिथं तो अडकला तिथं शेपटीही अडकणार.

मांजराकाठची (लातूर)
मोजा फिल्टरच्या जाळीला अडकला नाही, पण टँक ड्रेसिंग टेबलाशेजारी आहे! दिवसभर तो त्या बाजूला फुलून उभा असतो, मला वाटायचं खेळतोय. आजच हलवते.

दुसरं असं विचारायचं होतं की देशी बदामाची पानं टाकू का? आमच्या शाळेच्या आवारात मोठं झाड आहे, वाळलेली पानं रोज झाडून फेकतात.

बाभूळबन (उदगीर)
जरूर टाका. झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली, तांबूस तपकिरी पानं घ्या. रस्त्याकडेची, फवारणी झालेली नकोत. धुऊन, २० लिटरला एक पान पुरे. पाणी कोऱ्या चहासारखं होईल, घाबरू नका. त्यातल्या टॅनिनमुळे जंतूंना थोडा आळा बसतो आणि बेट्टाला ते पाणी मानवतं. पण जड पाण्यात एका पानानं पीएच फारसा उतरत नाही, त्या आशेवर राहू नका. आणि परभणीकरांचा अमोनिया पानानं जाणार नाही, हेही सांगून ठेवतो.

दुधनेचं_पाणी (जालना)
माझं थोडंसं. चार फुटी टँकमध्ये दोन एंजल मासे आणि पाच टायगर बार्ब मासे. एंजलच्या पोटाखालच्या लांब दोऱ्यासारख्या परांची टोकं दर आठवड्याला आखूड. कड स्वच्छ. पाणी तपासलं, ठीक आहे. कुजणं नाही ना?

गोदाकाठ (नांदेड)
नाही. टायगर बार्बच खुडतायत. दिवा बंद करून दहा मिनिटं लांब बसून बघा, दिसेल. बार्बची संख्या आठ-दहा केली तर ते आपापसात गुंततात, तरी लांब परांच्या माशासोबत ते ठेवू नयेत. एंजल वेगळे काढणं हाच उपाय.

मोंढा_रोड (परभणी)
संच आला. अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम), नायट्राइट ०.२५, पीएच ८.२. हे तीन दिवस पाणी बदलल्यानंतरचं आहे. काल रात्री एक लाल मासा गेला, ज्याची शेपटी सगळ्यात जास्त झिजली होती तोच. लेक रडली. तिला कुंडीतल्या मोगऱ्याखाली पुरू दिला.

अमोनिया बादलीतल्या पाण्यातच आहे का म्हणून बोअरचं पाणीही तपासलं, तिथं शून्य. म्हणजे आमच्या टँकमध्येच तयार होतोय. एक विचार मनात आला, बोअरऐवजी पिण्याच्या जारचं पाणी घातलं तर पीएच उतरेल ना? वीस लिटरचा जार तीस रुपयांना मिळतो.

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)
मासा गेला त्याचं वाईट वाटलं. लेकीला माझ्याकडून सांगा, तिनं लक्षात आणून दिलं म्हणून बाकीचे वाचायची संधी आहे.

बोअरचं पाणी वेगळं तपासलंत हे फार चांगलं केलंत. सवड मिळाली की त्याचं नायट्रेटही बघा, शेतीच्या भागातल्या बोअरमध्ये ते आधीच जास्त असू शकतं.

जारचं पाणी एकदम नको. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि ते गारही असतं. माशाला एकदम वेगळं पाणी लागलं की तो आणखी ढासळतो, आणि क्षारच नसले तर पुढे पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. गोल्डफिशला जड पाणी मानवतं. तुमच्या माशांना पाण्याचा जडपणा नडलेला नाही, गर्दी नडलीय. ४५ लिटरमध्ये नऊ गोल्डफिश फार होतात, आता उरलेले आठही फार. शुभ म्हणून आठ लाल, एक काळा असा आठ-एकचा आकडा सांगतात, पण टँक आठ-एकला पुरेल का ते कुणी सांगत नाही. कुणाकडे मोठा हौद किंवा चार-पाच फुटी टँक असेल तर सुधारल्यावर पाच-सहा तिकडे द्या. विहिरीत, ओढ्यात, धरणात सोडू नका, तिथल्या माशांना ते त्रासाचे.

आता रोज पन्नास टक्के बदला, अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली येईपर्यंत. खाणं दिवसाआड, चिमूटभर. कुणा ओळखीच्याचा जुना, रोग नसलेला टँक असेल तर त्याच्या फिल्टरातला स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओलाच आणायचा, पाण्यात बुडवून. आठवड्यांचं काम दिवसांत होतं.

मांजराकाठची (लातूर)
पाण्याचं एक बोलते. रोज पन्नास टक्के म्हणजे रोज वीस-बावीस लिटर. परभणीकर दादांकडे बोअर आहे, ठीक. पण आमच्याकडे नळाला कधी येईल त्याचा भरवसा नसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी बारावीत होते, पहिल्या गाडीचे दहा टँकर, पाच लाख लिटर. ते दिवस बघितलेल्या घरात माशासाठी बादली ओतायची म्हटलं की आई हात धरते, आणि तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. कमी पाण्यात मासे पाळायचेच नाहीत का मग?

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)
पाळायचे. तुम्ही एकच बेट्टा ठेवलाय ना, तेच उत्तर आहे. मासे कमी, टँक मोठा, खाणं बेताचं, आणि मनीप्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडलेल्या. मनीप्लांट नायट्रेट चांगलं ओढून घेतो. असा टँक बसला की आठवड्याला बादली-दीड बादली लागते. तीही वाया जात नाही, मीठ किंवा औषध नसलेलं टँकचं पाणी तुळशीला, गुलाबाला घाला, खतासारखं काम करतं. आमच्या आईची जास्वंद त्यावरच फुलते.

नुसतं उडालेलं पाणी भरून काढत राहणं मात्र पुरत नाही. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याला टँक असेल तर रोज बोटभर पाणी उडतं. वाफ जाते, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. भरता भरता पाणी घट्ट होत जातं.

आणि नळ किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी क्लोरीन विसरू नये. टँकरमध्ये कधी कधी ब्लीचिंग पावडर सढळ हातानं पडलेली असते. क्लोरीनचा मार लागला की पर मिटतात, कल्ले जोरात हलतात, कडा पांढुरक्या दिसतात, आणि नवशिक्याला ते कुजणंच वाटतं. पाणी बदलल्यानंतर काही तासांत हे सुरू झालं तर संशय क्लोरीनवर घ्या. दुकानात मिळणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन घालवणारं) खडे टाका, किंवा उघड्या बादलीत हवा सोडून चोवीस तास ठेवा.

गोदाकाठ (नांदेड)
यात एक भर घालतो. संध्याकाळी डासांसाठी खोलीत स्प्रे मारत असाल तर बंद करा, निदान हवेचा पंप थांबवून टँकवर ओलं कापड टाका आणि खोली मोकळी झाल्यावर पुन्हा चालू करा. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना फार घातक, आणि हवेचा पंप ती थेट पाण्यात नेतो.

मोंढा_रोड (परभणी)
उपाय सुरू केल्यापासून आज अकरावा दिवस. जिंतूरच्या एका ओळखीच्याकडून स्पंजाचा तुकडा मिळाला होता, डब्यात पाणी घालून एसटीनं आणला. अमोनिया ०.२५, नायट्राइट ०.५. लाल रेघा जवळपास गेल्या. काळा मासा पर उघडून फिरतोय.

पण दोन नव्या काळज्या. एक, दोन लाल माशांच्या शेपटीच्या कडेला काळा रंग आलाय, आधी नव्हता. दोन, एका माशाच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे ठिपके आलेत, रव्याच्या कणांसारखे. छातीकडच्या पराच्या पुढच्या काडीवरही एका ओळीत आहेत. नेटवर वाचलं तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, टँक संपतो म्हणे. रात्रभर झोप नाही.

बाभूळबन (उदगीर)
काळा रंग चांगला. अमोनियानं भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशला तिथं काळा रंग चढतो, नंतर बहुधा ओसरतो.

ठिपक्यांचं उत्तर द्यायच्या आधी सांगा, ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि त्या पहिल्या काडीवरच आहेत का? शेपटीवर, अंगावर कुठं विखुरलेले? मासा खड्यांना अंग घासतो का?

मोंढा_रोड (परभणी)
लेकीनं भिंग घेऊन बघितलं. फक्त त्याच दोन ठिकाणी. दोन्ही बाजूंना सारखे. घासत नाही, उलट दुसऱ्या एका माशाच्या मागं मागं फिरतोय.

बाभूळबन (उदगीर)
मग निवांत झोपा. तो नर आहे आणि वयात आलाय. विणीच्या काळात गोल्डफिशच्या नराला नेमक्या त्याच जागी असे दाणे उठतात. मागं मागं फिरणं त्याचंच.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला इक म्हणतात, तो असा जागा बघून बसत नाही. शेपटी, अंग, पर, कुठंही मीठ शिंपडल्यासारखे ठिपके, आज पाच तर उद्या पंधरा, आणि मासा अंग घासतो. त्यातला परजीवी ठिपक्यात असताना कोणत्याही औषधाला दाद देत नाही, ठिपका फुटून पिल्लं पाण्यात पोहायला लागतात तेव्हाच मरतात. म्हणून त्यात ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नसतो.

एक सवय लावून घ्या, तळ्यात वाढवलेल्या गोल्डफिशसाठी मुद्दाम सांगतो. पराच्या मुळाशी दोऱ्यासारखं काही लोंबतंय आणि तिथं लाल जखम आहे, तर तो नांगरकिडा. पराला चिकटलेला चपटा, गोल, सरकणारा ठिपका दिसला तर ती माशाची ऊ. दोन्ही भिंगानं दिसतात.

मोंढा_रोड (परभणी)
भिंग आता लेकीच्या दप्तरातच असतं. तिनं वहीत रोज एकाच माशाची शेपटी काढलीय, कडेला तारीख. तुमच्या सगळ्यांसाठी त्या पानांचा फोटो टाकतोय.

मांजराकाठची (लातूर)
किती सुंदर काढलंय! तिसऱ्या पानावरची कड आणि अकराव्या पानावरची, फरक स्पष्ट दिसतो. आमच्या निळ्याचीही बातमी, टँक हलवल्यापासून नवा घास नाही.

मोंढा_रोड (परभणी)
आज तेविसावा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग चार दिवस. पाच मासे जिंतूरच्या त्याच ओळखीच्याकडे हौदात दिले, तीन उरलेत, काळा धरून. मीठ पाणी बदलता बदलता काढून टाकलं. मोठा टँक घ्यायचा विचार आहे, पण दिवाळीपर्यंत थांबतोय.

काल रात्री बॅटरी बाजूनं धरून बघितलं. जिथं शेपटी झिजली होती तिथं काड्यांच्या टोकांपुढे काचेसारखी पारदर्शक पट्टी आलीय, नखाएवढी. समोरून बघितलं तर दिसतच नाही. ही नवी झिल्लीच ना? का परत काही सुरू झालंय?

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)
नवी झिल्लीच. आधी अशी बिनरंगी येते, रंग नंतर भरतो, काही आठवडे लागतील. एखादी काडी थोडी वाकडी भरेल, ती तशीच राहू शकते, त्याचा माशाला त्रास नसतो. स्पंज आता फक्त टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळायचा. आणि लेकीला सांगा, वहीत पुढच्या पानावर ती पट्टी पेन्सिलनं काढ, रंग अजून भरू नकोस.